फोल्गोरेचा डावा पंख

दोघा भावांचं भांडण चाळीस वर्षं जुनं होतं आणि ते कधी मिटू नये अशीच दोघांची मनापासून इच्छा होती. भांडण घरावरून नव्हतं, जागेवरून नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात चांगलं लढाऊ विमान कोणतं, एवढ्यावरूनच ते होतं. ज्या युद्धात यांच्या घराण्यातल्या कुणी साधी काठीसुद्धा उगारली नव्हती, त्या युद्धातल्या विमानांसाठी दोन शहाणेसुरते गृहस्थ भरल्या ताटावरून उठायला निघत. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचंच वाटलं असतं. थोरल्याच्या बायकोला तर ते लग्न झाल्यापासून वाटत आलं होतं.

थोरला पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. भाग बरोबर की चूक, एवढंच आयुष्यभर ठरवायचं, आणि ते ठरवलं की कागदावर सही करून खाली तारीख घालायची. त्याने एकदा नापास केलेला भाग प्रत्यक्ष मालकाने येऊन गळ घातली तरी पास व्हायचा नाही. निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला पितळी चकतीवर नाव कोरलेलं एक व्हर्नियर भेट दिलं. दोन जबड्यांमध्ये वस्तू धरून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप सांगणारं ते अवजार तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी असे. विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळात सगळे त्याला पाठीमागे 'व्हर्नियर' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटायचं.

धाकट्याचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. दुकान कसलं, बसलं की दोन्ही कोपरं भिंतींना लागावीत एवढी फट. पण त्या फटीत बसून, एका डोळ्याला भिंग लावून, हा माणूस केसासारख्या बारीक स्प्रिंगा चिमट्याने उचलायचा आणि बोलता बोलता जागेवर बसवायचा. समोरच्याला श्वास रोखून धरावासा वाटे. याचा श्वास मात्र आपला चाललेला असे.

दोघंही लाकडाच्या ठोकळ्यातून विमानं कोरत. तयार सुट्या भागांची खोकी आणून डिंकाने चिकटवणाऱ्यांना ते 'लिफाफे चिकटवणारे' म्हणत. एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं. बाकी सगळा आनंदच.

थोरल्याकडे एक जाड वही होती. तीत रकाने आखलेले: वेग, चढण, पल्ला, बंदुका. स्पिटफायर सगळ्यात वर. "आकड्यांत बोल," हे त्याचं पालुपद. धाकट्याला आकडे पाठ असायचे, पण त्याचा त्यांच्यावर फारसा जीव नव्हता.

"आकडे वाचून विमान कळत नाही दादा," तो म्हणायचा. "कोरल्यावर कळतं. तुझ्या स्पिटफायरचा पंख कोरताना समजतं की ज्याने तो आखला त्याचा हात देखणा होता. पण तसे हजारो पंख बनवणाऱ्या कामगारांनी त्याला काय काय शिव्या घातल्या असतील, त्याही ऐकू येतात. त्यापेक्षा हरिकेन बघ. मागचं अंग कापडाचं. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावा, पाठवा परत. ते मला माझ्या गिऱ्हाइकांच्या घड्याळांसारखं वाटतं. देखणं नाही, पण चालतं."

"आणि वेग?"

"वेग कमी. कबूल. मेसरश्मिटचा वेग होता ना? चाकं इतकी जवळ जवळ की नवशिक्याच्या हातात उतरताना कोलमडायचं. जपानचं झीरो घे. काय वळायचं, किती लांब जायचं! पण वजन वाचवायला चिलखतच घातलं नव्हतं. ते कोरताना मला नेहमी आत बसलेल्याची काळजी वाटते."

"थंडरबोल्टमध्ये बसव मग त्याला. भरलं की सहा-सात टनांचं धूड, मार खाऊनही घरी येणारं."

"बसवतो की. पण त्याच्याकडे बघत कुणी बसेल का?"

धाकट्याचा खरा जीव होता इटलीच्या मॅकीवर. त्या विमानाचं दुसरं नाव फोल्गोरे, म्हणजे कोसळणारी वीज. निमुळतं, चपळ, वैमानिकाचं ऐकणारं; आणि बंदुका मात्र बहुतेकांवर दोनच. थोरला त्याला 'बिनदाताचं' म्हणायचा. धाकटा हसायचा. हरणाऱ्यांच्या बाजूच्या, पण नीट केलेल्या वस्तूवर माया करावी असा त्याचा स्वभावच होता.

सहा वर्षांपूर्वी मंडळाने प्रदर्शनाला विषयच ठेवला, युद्धकाळातली लढाऊ विमानं. मंडळाकडे फोल्गोरेचा मापाबरहुकूम आराखडा एकच होता, परगावच्या एका मंडळाकडून अदलाबदलीत आलेला. थोरल्याने तो आधी नेला. तो त्या वर्षी मुख्य परीक्षक होता, त्यामुळे त्याची विमानं स्पर्धेत नव्हती. पण दाराशी मांडायच्या पाच नमुन्यांत एक फोल्गोरे हवं होतं. त्याचं झाल्यावर आराखडा धाकट्याकडे गेला.

इथे दोघांच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. लाकडातून विमान कोरणारे बहुतेक जण पंखाचा एकच साचा कापतात, पुठ्ठ्याचा. आराखड्यातल्या उजव्या पंखावरून तो कापायचा, लाकडावर ठेवून आखायचं, मग तोच साचा उलटा करून डावा पंख आखायचा. वेळ वाचतो आणि दोन्ही पंख हमखास सारखे येतात. थोरला असाच करायचा. धाकट्याला हे पटत नसे. तो डावा पंख डाव्यावरून आणि उजवा उजव्यावरून, वेगवेगळा उतरवून घ्यायचा. थोरला त्याला म्हणे, "दुप्पट मेहनत, दुप्पट चुका." धाकटा म्हणे, "असू दे. दुसऱ्याने आखलेलं आहे, आपण निम्मंच का बघायचं?"

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये धाकट्याचं फोल्गोरे टेबलावर आलं तेव्हा माणसं आपली टेबलं सोडून तिथे जमली. रंग असा, की विमान रात्री वाळवंटातून येऊन इथे उतरलंय असं वाटावं. चाकांवर धूळ होती, तीही मापात. बाकीच्या दोन परीक्षकांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. पहिला क्रमांक ठरल्यातच जमा होता.

आणि तिथेच थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. सख्ख्या भावाला पहिला क्रमांक दिला तर उद्या लोक काय म्हणतील? त्याने खिशातून व्हर्नियर काढलं. त्या दिवशी इतर कुणाचे पंख त्याने इतक्या बारकाईने मोजले नव्हते. धाकट्याचे मोजले. उजवा मोजला, डावा मोजला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"डावा पंख चार मिलिमीटरने लांब आहे," तो म्हणाला. "चार पूर्णांक तीन."

धाकटा वाकून बघू लागला. "असं कसं होईल, दादा? मी आराखड्यावरूनच..."

"आराखडा माझ्याकडेही होता. माझं तिथे दाराशी उभं आहे, मोजून बघ. दोन्ही पंख केसाइतकेसुद्धा मागंपुढं नाहीत." इथे थांबला असता तरी भागलं असतं. पण चारचौघांत आपण किती निःपक्षपाती आहोत हे दाखवण्याची खुमखुमी माणसाला स्वस्थ बसू देत नाही. थोरला हसून म्हणाला, "साठी उलटली तुझी. घड्याळवाल्याचा हात चार-चार मिलिमीटर घसरायला लागला, तर लोकांनी घड्याळं कुणाच्या भरवशावर टाकायची? दहा गुण वजा. नियम म्हणजे नियम."

चार-पाच जण हसले. धाकटाही हसला, पण उशिरा. मग त्याने आपला उजवा हात उलटा करून पाहिला, एखादी ओळखीची वस्तू हरवली की रिकामी जागा बघावी तसा. थोरल्याने गुणपत्रिकेवर 'डावा-उजवा असमान, वजा दहा' असं लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

पुढच्याच महिन्यात धाकट्याने नाजूक घड्याळं घेणं बंद केलं. सेल बदलायचा, पट्टा लावायचा, तेवढंच करायचा. कुणी आजोबांच्या वेळचं घड्याळ आणलं तर "माझ्याच्यानं नाही व्हायचं" म्हणून परत करायचा. वर्ष संपायच्या आत दुकान दुसऱ्याला दिलं. कोरायची अवजारं मंडळाला देऊन टाकली. थोरल्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "हाताचा भरवसा नाही राहिला, दादा." थोरल्याला वाईट वाटलं, पण वय झालं की असं व्हायचंच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. उलट, वेळेवर लक्षात आणून दिलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. हे आठवलं की आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण आता, सहा वर्षांनी, ते त्याच्या लक्षात आलं होतं.

मंडळाने त्याला एक पुस्तिका लिहायला सांगितली होती, पाच लढाऊ विमानांची तुलना. थोरल्याला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. जाड वही बाहेर निघाली. आठ दिवसांत मजकूर तयार झाला. राहिलं होतं एकच पान. त्यावर पाचही विमानं वरून बघितल्यासारखी, एकाच प्रमाणात काढायची होती. त्याने सवयीने ट्रेसिंग पेपर मधोमध दुमडला. स्पिटफायरचं अर्धं अंग उतरवलं, कागद उलटवला, दुसरं अर्धं बरोबर जुळलं. हरिकेन जुळलं. मेसरश्मिट, झीरो, तीही जुळली. मग त्याने मंडळाच्या कपाटातून आणलेला फोल्गोरेचा तोच जुना आराखडा उलगडला, उजवी बाजू उतरवली, कागद उलटवून डावीवर ठेवला. खाली आराखड्यातल्या डाव्या पंखाचं टोक वरच्या कागदावरच्या रेषेच्या बाहेर डोकावत होतं.

"छपाई सरकलीय," तो स्वतःशी म्हणाला, आणि समासात तसं पेन्सिलीने लिहिलंसुद्धा. तपासनीस होता, चूक आधी समोरच्या वस्तूची धरायची, ही त्याची रीतच. पण हाताने सवयीने व्हर्नियर काढलं. चार पूर्णांक तीन.

हा आकडा त्याने कुठेतरी वाचला होता. कुठे, ते आठवायला त्याला एक क्षण लागला: याच व्हर्नियरवर, भावाचं फोल्गोरे मोजताना.

आराखड्याच्या खालच्या कोपऱ्यात परक्या भाषेत बारीक मजकूर होता. भाषा त्याला येत नव्हती, पण आकडे काही परक्या भाषेतले नव्हते. दोन्ही पंखांची मापं वेगवेगळी दिलेली होती. आयुष्यभर "आकड्यांत बोल" म्हणणाऱ्या माणसाने हातातल्या कागदावरचे दोन आकडे वाचले नव्हते. त्याने ग्रंथालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. तिथे तर सरळच दिलं होतं: नाकावरचा पंखा एका दिशेला फिरतो म्हणून विमान दुसऱ्या बाजूला कलायला बघतं; ते सावरावं म्हणून फोल्गोरेचा डावा पंख मुद्दाम उजव्यापेक्षा जवळपास वीतभर लांब ठेवलेला होता. आराखडा मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसपट लहान होता; वीतभराचे अठ्ठेचाळीस भाग केले की एक भाग चार मिलिमीटर आणि वर थोडा. धाकट्याने तेवढंच कोरलं होतं. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. जसं होतं तसं बघितलं आणि तसं कोरलं, इतकंच. त्या हॉलमध्ये चुकीचं फोल्गोरे एकच होतं, आणि ते दाराशी नमुना म्हणून उभं होतं.

बायकोने चहा आणून ठेवला. तो गार झाला, तशी तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. "काय झालं? स्पिटफायर पडलं का?"

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"मग आता?"

"तेच कळत नाही. सांगून काय होणार? दुकान परत येणार आहे का? उगाच जुनी जखम उकरायची. पुस्तिकेत बरोबर छापतो, म्हणजे झालं."

"वा! म्हणजे भावोजींनी ते छापलेलं वाचून समजायचं?" तिचा आवाज चढला. "स्वतःच्या घड्याळाचा सेल बदलायला दुसऱ्याच्या दुकानात जातात ते. मी बघितलंय. मला बघून ओशाळले. चहा पिताना कप दोन्ही हातांनी धरतात, लहान पोरासारखा. तुम्ही कधी बघितलंत?"

बघितलं होतं त्याने. वयाचा दोष म्हणून सोडून दिलं होतं.

"ऊठसूट दुसऱ्याला नापास करताना तुमची जीभ अडखळत नाही," ती म्हणाली. "आज जरा अडखळली तरी चालेल. पण जा."

धाकटा त्याच जुन्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत एकटा राहायचा. खाली आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असायची. थोरला काखेत आराखड्याची गुंडाळी घेऊन जिना चढला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि धाकटा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"ये की. काखेत काय, तोफ?"

"पुस्तिका लिहितोय. पाच विमानांची तुलना." थोरला बसला. जिन्यात मनाशी जुळवलेलं वाक्य सोडून त्याने नेहमीची वाट धरली. "झीरो आणि हरिकेन. तू म्हणायचास, हरिकेन. अजून तेच?"

"अजून तेच."

"पल्ला बघितलास दोघांचा?"

"तू सकाळी सकाळी जिने चढून पल्ला विचारायला आलास?" धाकट्याने चहाचे कप आणले, एकावेळी एक, दोन्ही हातांनी धरून. "वहिनी बऱ्या आहेत ना? काय झालंय, सांगून टाक."

थोरल्याने आराखडा टेबलावर पसरला. चारही कोपऱ्यांवर काहीबाही ठेवलं. मग खिशातून व्हर्नियर काढून भावापुढे धरलं. "मोज."

"मी कशाला? तू..."

"माझं मोजून झालंय. तू मोज."

धाकट्याने चष्मा सारखा केला. उजवा पंख मोजला, आकडा वाचला. डावा मोजला. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. त्या दिवशी थोरल्याने मोजले होते तसेच.

"तो तसाच आहे," थोरला म्हणाला. "खऱ्या विमानाचा तसाच होता. मुद्दाम. मला माहीत नव्हतं. मी उजव्याचा साचा उलटवला आणि आराखड्याची डावी बाजू कधी बघितलीच नाही. तुझं बरोबर होतं. माझं चूक होतं. आणि मी..."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं-टीं आवाज येत राहिला. तो थांबला तेव्हा धाकटा म्हणाला, "म्हणजे माझा हात घसरला नव्हता."

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

धाकटा उठला. आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तो बुटांचं एक खोकं घेऊन. त्यात जुन्या मऊ कापडात गुंडाळलेलं फोल्गोरे होतं. थोरल्याला हायसं वाटलं. म्हटलं, निदान हे तरी आहे. मग त्याने नीट बघितलं. डाव्या पंखाचं टोक बोथट होतं, बिनरंगाचं. दोन्ही पंख सारखे होते.

"तू म्हणालास म्हणून कापला," धाकटा शांतपणे म्हणाला. "त्याच रात्री. म्हटलं, दादाने दोनदा मोजलंय, त्याचं चुकायचं नाही. आराखडा परत बघावा असं डोक्यातही आलं नाही. तुझ्यापेक्षा आराखड्यावर विश्वास ठेवायचा, असं कधी केलंच नाही मी."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. भावाने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"तू मोजलंस ते ठीक," धाकटा म्हणाला. "पण एकदा विचारायचं तरी होतं, दादा. का रे, लांब का केलास? एवढंच. मी म्हणालो असतो, आराखड्यात आहे. आणला असता आपण आराखडा. पाच मिनिटांचं काम होतं."

"चुकलो."

"लोक हसले त्याचं काही नाही. ते विसरले असतील. पण त्यानंतर मी चिमटा हातात घेतला की मला तुझा आवाज ऐकू यायचा. चार पूर्णांक तीन. एकदा ऐकू यायला लागला की स्प्रिंग उचलता यायची नाही. सहा वर्षं मी चहाचा कपसुद्धा एका हाताने धरला नाही, सांडेल म्हणून."

त्याने खोक्याच्या तळातून घड्याळाचे स्क्रू ठेवायची एक चपटी डबी काढली. घड्याळवाला काहीच फेकत नाही. डबीत कापसावर पंखाचा कापलेला तुकडा होता, नखाएवढा, एका बाजूने अजून वाळवंटाच्या रंगाचा.

"डिंक देतो," तो म्हणाला. "लावू या परत."

त्याने टेबलाच्या खणातून जुना चिमटा काढला. तुकडा उचलला. पंखाजवळ नेता नेता चिमट्याचं टोक थरथरायला लागलं, आधी जरासं, मग चांगलंच. त्याने मनगट टेबलावर टेकवून पाहिलं, श्वास धरून पाहिला. तुकडा सुटून खाली पडला.

दोघं म्हातारे गुडघे टेकून फरशीवर शोधायला लागले. एकाचा चष्मा घसरत होता, दुसऱ्याची कंबर धरली होती. थोरल्याला तो खुर्चीच्या पायाशी सापडला.

"आता थरथरतो," धाकटा जमिनीवर बसूनच हाताकडे बघत म्हणाला. "तेव्हा थरथरत नव्हता. हे तू लक्षात ठेव."

"ठेवीन," थोरला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. "रोज थोडं थोडं केलंस तर येईल परत. मी येत जाईन. अवजारं आणून देतो मंडळातून."

"बघू. तू लाव तो."

थोरल्याने डिंक लावून तुकडा जागेवर धरला. सुकेपर्यंत बोट हलवलं नाही. मग धाकट्याने व्हर्नियर मागून घेतलं आणि दोन्ही पंख मोजले.

"तीन पूर्णांक आठ. अर्धा मिलिमीटर कमी भरतोय."

"करवतीने खाल्ला."

"हो. तेवढा गेला तो गेलाच." धाकट्याने खोक्यात हात घालून एक घडी घातलेला कागद काढला. सहा वर्षांपूर्वीची गुणपत्रिका. घडीवर फाटत आलेली, पण थोरल्याचं अक्षर जसंच्या तसं, रेषेवर बसलेलं. डावा-उजवा असमान, वजा दहा. खाली सही, सहीखाली तारीख.

थोरल्याने खिसे चाचपले. व्हर्नियरपायी तो पेन बाळगत नसे. भावाकडूनच मागावं लागलं. त्याने ती ओळ खोडली, पट्टी न लावता, आणि शेजारी लिहिलं: डावा पंख बरोबर. चूक परीक्षकाची. सही केली आणि कागद भावापुढे सरकवला.

धाकट्याने तो वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग बोट ठेवून म्हणाला, "तारीख घाल."

थोरला खोडलेल्या ओळीखालच्या जुन्या तारखेकडे बघायला लागला.

"ती नको," धाकटा म्हणाला. "आजची घाल."

थोरल्याने आजची तारीख घातली. एकाच हाताच्या दोन सह्या, आणि मध्ये बोटभर कोरा कागद. धाकट्याने कागदाची घडी घातली, विमानाबरोबर खोक्यात ठेवली, झाकण लावलं. मग गार झालेला कप त्याने उजव्या हातात घेतला, फक्त उजव्या. तो हलत होता. थोडा चहा आराखड्यावर सांडला, आणि दोघांपैकी कुणीही तो पुसायला उठलं नाही.